चांदीची तलवार आणि न मरणारा लांडगा: राक्षसांच्या शस्त्र-रेझिस्टन्सबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे टेबलाभोवती बसून पात्रं रंगवत आणि फासे टाकत खेळायचा गोष्टीचा खेळ, नव्याने खेळायला बसलेल्या मंडळींच्या वाट्याला तिसऱ्या-चौथ्या सेशनला एक प्रसंग हमखास येतो. वीसपैलू फाशावर वीस पडतात, टेबलावर आरडाओरडा होतो, आणि पडद्याआडून डीएम (डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट आणि राक्षस चालवणारा) शांतपणे सांगतो, "तलवार लागली. त्याला काहीच झालं नाही." मग जे प्रश्न सुरू होतात ते मी गेली काही वर्षं ऐकतोय. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

मुख्यतः पाचव्या आवृत्तीबद्दल बोलतोय. २०१४ चे नियम आणि २०२४ चे नियम जिथे वेगळे आहेत तिथे तसं सांगितलंय. शब्द मुद्दाम रेझिस्टन्स, इम्युनिटी असेच ठेवलेत. एकदा मी हौसेने 'प्रतिकारशक्ती' म्हणून पाहिलं, तर सगळे लसीबद्दल विनोद करायला लागले.

रेझिस्टन्स, इम्युनिटी आणि व्हल्नरेबिलिटी म्हणजे नेमकं काय?

डॅमेज म्हणजे वाराने होणारी इजा. ती हिट पॉइंटमधून, म्हणजे जीव मोजायच्या आकड्यातून, वजा होते. रेझिस्टन्स म्हणजे डॅमेज निम्मं. इम्युनिटी म्हणजे शून्य. व्हल्नरेबिलिटी म्हणजे दुप्पट. निम्मं करताना अपूर्णांक आला तर खाली उतरायचं: ७ चे ३, आणि १ चा शून्य.

पाचव्या आवृत्तीत डॅमेजचे एकूण १३ प्रकार आहेत. आग, थंडी, आम्ल, वीज, विष वगैरे. साध्या शस्त्रांचा संबंध त्यातल्या तिघांशीच येतो: ठेचणं, भोसकणं आणि कापणं. गदा, सोटा, गोफणीतला दगड ठेचतात. भाला, बाण, खंजीर भोसकतात. तलवार आणि कुऱ्हाड कापतात. सांगाडा ठेचल्यावर दुप्पट मोडतो, म्हणून सांगाड्यांच्या खोलीत शिरताना तलवार म्यान करून गदा काढावी. चालतं-बोलतं झाड, म्हणजे ट्रेंट, ठेचण्याला आणि भोसकण्याला निम्मं डॅमेज घेतं. कुऱ्हाडीचा घाव मात्र त्याला पूर्ण लागतो आणि आगीने ते दुप्पट पेटतं. नियम लिहिणाऱ्याने इथे लाकूडतोड्याचा विचार केलाय हे उघड दिसतं, आणि मला असे नियम आवडतात.

नव्या खेळाडूंचा एक गोंधळ इथेच दूर करतो. रेझिस्टन्सचा आर्मर क्लासशी, म्हणजे वार लागायला फाशावर गाठाव्या लागणाऱ्या आकड्याशी, काही संबंध नाही. तुमचा वार लागलेलाच असतो, फक्त त्याचा परिणाम कमी होतो. त्यामुळे 'लागल्यावर अमुक घडतं' असं जे काही तुमच्या शीटवर लिहिलंय, ते बहुतेक वेळा तसंच घडतं.

गणित कुठल्या क्रमाने करायचं?

आधी अधिक-उणे, मग रेझिस्टन्स, शेवटी व्हल्नरेबिलिटी. समजा गवताच्या पुतळ्यावर कुणीतरी मंत्र टाकून त्याला सगळ्या डॅमेजला रेझिस्टन्स दिलाय, गवत असल्यामुळे आगीला तो व्हल्नरेबल आहे, आणि भोवतीचं एक वलय प्रत्येक डॅमेजमधून ४ वजा करतं. तुम्ही २७ ची आग टाकली. २७ वजा ४ म्हणजे २३. निम्मे ११. दुप्पट २२. "निम्मं आणि दुप्पट कटतात, २३ च राहू दे" म्हणणारा एक खेळाडू प्रत्येक टेबलावर असतो. त्या एका पॉइंटवरून आमच्याकडे दहा मिनिटं गेली आहेत.

आणखी दोन गोष्टी. एकाच प्रकाराला दोन ठिकाणांहून रेझिस्टन्स मिळाला तरी तो एकदाच धरायचा, पाव करायचा नाही. आणि एका वारात दोन प्रकारचं डॅमेज असेल तर प्रत्येकाचा हिशेब वेगळा.

आमच्याकडे चांदीचं एकही शस्त्र नाही आणि समोर वेअरवुल्फ (लांडगा होणारा माणूस) उभा आहे. मरायचं का?

२०१४ च्या नियमांनी खेळत असाल तर प्रश्न गंभीर आहे. त्या वेअरवुल्फला मंत्र नसलेल्या आणि चांदी न चढवलेल्या हत्यारांच्या ठेचण्या-भोसकण्या-कापण्यापासून पूर्ण इम्युनिटी आहे. निम्मं नाही, शून्य. त्याचे सरासरी हिट पॉइंट ५८. म्हणजे चार साध्या तलवारी रात्रभर चालवल्या तरी ५८ चे ५८.

पण इम्युनिटी तेवढ्याच तीन प्रकारांना आहे हे लोक घाबरून विसरतात. आग चालते. आम्ल चालतं. चेटक्याचा सगळ्यात किरकोळ कॅन्ट्रिपसुद्धा (हवा तितक्यांदा टाकता येणारा छोटा मंत्र) चालतो. दिव्याच्या तेलाची बाटली एका चांदीच्या नाण्याला मिळते. ती अंगावर फोडून पेटवली तर आगीचं ५ डॅमेज होतं. आम्लाची कुपी २५ सोन्याच्या नाण्यांना मिळते आणि दोन सहापैलू फाशांइतकं जाळते. अल्केमिस्ट्स फायर ५० नाण्यांचं आहे, महाग वाटतं, पण आग विझवेपर्यंत दर फेरीला जळत राहतं. पवित्र जल मात्र वाया घालवू नका. ते फक्त सैतानी जीवांना आणि मृतात्म्यांना लागतं, आणि वेअरवुल्फ नियमाच्या दृष्टीने माणूसच आहे.

शिवाय धरता येतं, ढकलता येतं, पाडता येतं. पैलवान वेअरवुल्फला कवेत घेऊ शकतो, त्याला इम्युनिटी आडवी येत नाही. आमच्या टेबलावर पहिला वेअरवुल्फ असाच मेला. गावाबाहेर कोरडी विहीर होती, चाळीस फूट खोल. मी ती केवळ वर्णनात शोभा म्हणून टाकली होती. दोघांनी लांडग्याला कठड्यापर्यंत रेटलं, तिसऱ्याने ढकललं, आणि पडल्याचं डॅमेज लागलं. पडणं हा 'अटॅक' नाही, त्यामुळे इम्युनिटी लागू होत नाही. दहा फुटांना एक सहापैलू फासा या हिशेबाने चार फासे. मग वरून तेलाच्या बाटल्या. ती विहीर मी नंतर कुठल्याच गावात ठेवली नाही.

खिशातली चांदीची नाणी गोफणीत घालून मारली तर?

नियमात 'चांदी चढवलेलं हत्यार' असं आहे, नाण्यांबद्दल काही नाही. म्हणजे निर्णय डीएमचा. मी चालू देतो: गोफणीचं नेहमीचं डॅमेज, आणि मारलेली नाणी अंधारात शोधत बसायचं की सोडून द्यायचं ते तुम्ही ठरवा. ज्या खेळाडूला हे सुचलं त्याला 'नाही' म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

हत्याराला चांदी चढवायला किती खर्च येतो? परवडतं का?

२०१४ च्या नियमाने एका हत्याराला १०० सोन्याची नाणी, किंवा तेवढ्यातच दहा बाण. पहिल्या-दुसऱ्या लेव्हलला ही रक्कम डोळे पांढरे करणारी असते, पाचव्याला चिल्लर. माझा सल्ला असा की पार्टीत एकाने दहा बाण घ्यावेत आणि ते सगळ्यात नेमबाज माणसाकडे असावेत. लढाईनंतर मिनिटभर शोधाशोध केली तर वापरलेल्यांतले निम्मे परत मिळतात. तलवारीला चांदी चढवून ती तलवार दोन सेशननंतर मंत्रावलेल्या तलवारीपुढे अडगळीत टाकणारे खूप पाहिलेत.

स्नीक अटॅकचे फासे पण निम्मे होतात का? आणि पॅलाडिनचं स्माइट?

स्नीक अटॅक, म्हणजे चोराने संधी साधून केलेला वार. त्याचं जादा डॅमेज हत्याराच्याच प्रकारचं असतं. खंजीर भोसकतो, तर ते सगळे फासे भोसकणारेच. रेझिस्टन्स असेल तर सगळं निम्मं, इम्युनिटी असेल तर मूठभर फासे टाकूनही शून्य. चोरांच्या चेहऱ्यावरचा तो भाव बघवत नाही.

पॅलाडिन म्हणजे धर्मयोद्धा. तो वारात जी दैवी ताकद ओततो त्या स्माइटचं तसं नाही. त्याचं डॅमेज रेडियंट, म्हणजे दैवी तेजाचं असतं. वेअरवुल्फवर साध्या तलवारीने स्माइट केलं तर तलवारीचं शून्य, रेडियंटचं पूर्ण. वार लागलेला असतो म्हणून स्माइट करता येतं. वर आर्मर क्लासबद्दल जे म्हटलं ते इथे उपयोगी पडतं.

मंत्राने झालेलं ठेचण्याचं डॅमेज 'मॅजिकल' धरायचं का? मंत्रावलेल्या धनुष्यातून साधा बाण सोडला तर?

दोन्ही हो. बर्फाच्या वादळाच्या स्पेलमधल्या गारा ठेचतात, पण त्या स्पेलमधून आलेल्या आहेत. आणि मंत्रावलेल्या धनुष्यातून सुटलेला साधा बाण रेझिस्टन्स भेदण्यापुरता मंत्रावलेला धरतात.

२०१४ च्या पुस्तकाच्या सुरुवातीच्या छपाईत राक्षसांपुढे 'नॉनमॅजिकल वेपन्स' असं होतं. नंतर दुरुस्ती करून 'नॉनमॅजिकल अटॅक्स' केलं. कारण नखं आणि दात वेपन आहेत का, हा वाद संपेना. त्या दुरुस्तीने एक गोष्ट साफ झाली: लांडगा झालेल्या ड्रुइडचा (पशूचं रूप घेणारा निसर्ग-पुजारी) चावाही साधाच धरायचा. अपवाद मून सर्कल या पंथाचा ड्रुइड, त्याचा चावा सहाव्या लेव्हलपासून मॅजिकल होतो. मंकची (हत्याराविना लढणाऱ्या साधूची) ठोसेबाजीही सहाव्या लेव्हललाच मॅजिकल होते. त्या लेव्हलवर साध्या हत्यारांचे दिवस संपतात असं लिहिणाऱ्यांनीच गृहीत धरलं होतं.

दोन वेअरवुल्फ एकमेकांशी भांडले तर?

२०१४ च्या नियमांचं अक्षर धरलं तर कोणीच मरत नाही. दोघांची नखं साधी, दोघांना साध्या माराची इम्युनिटी. जगाच्या अंतापर्यंत भांडतील. हा घोळ फार जुना आहे. १९७९ च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये त्यावर उत्तर होतं: ठरावीक हिट डाइसच्या (राक्षसाची ताकद मोजायच्या फाशांच्या) वरच्या राक्षसांचा मार मंत्रावलेल्या हत्यारासारखा धरायचा. पाचव्या आवृत्तीने ते उत्तर घेतलं नाही. मी माझ्या टेबलावर घेतो.

हा सगळा प्रकार आला कुठून?

अगदी मुळापासून आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा खेळ १९७४ मध्ये आला, त्यातच लांडगा-माणसांना चांदी किंवा जादूचं हत्यार लागत होतं. १९७७ च्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये ते पक्कं झालं: या राक्षसाला +१ किंवा अधिकचं हत्यार हवं (आकडा जादूची ताकद सांगतो), त्याला +२, लोखंडी गोलेमला, म्हणजे जादूने चालणाऱ्या पुतळ्याला, +३. सांगाड्यावर धारदार हत्यार निम्मंच चालायचं. क्ले गोलेमला तर हत्यार जादूचंही हवं आणि बोथटही हवं.

यामागे लोककथा आहेत, पण वाटतात तितक्या जुन्या नाहीत. फ्रान्समधल्या जेव्होदाँच्या नरभक्षक पशूची गोष्ट घ्या. तो १७६७ मध्ये जाँ शास्तेल नावाच्या शिकाऱ्याने मारला. चांदीची गोळी त्या गोष्टीत फार नंतर, कथा-कादंबऱ्यांतून शिरली. लोखंडाची भीती मात्र खरंच जुनी आणि सगळीकडची. युरोपात पऱ्यांना लोखंड चालत नाही म्हणून दारावर घोड्याचा नाल. आपल्याकडे बाळंतिणीच्या उशाशी विळा नाहीतर सुरी ठेवतात ती याच हिशेबाने. 'कोल्ड आयर्न' हे खेळात कुठलंसं खास खनिज झालं. एरवी तो साध्या लोखंडासाठीचा कवींचा शब्द होता.

आणि अटी-शर्तींचा राक्षस तर आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. हिरण्यकशिपूचा वर हा माझ्या मते स्टॅट ब्लॉकचा (राक्षसाचे आकडे आणि नियम लिहिलेल्या चौकटीचा) सर्वोत्तम नमुना आहे: माणसाकडून नाही, पशूकडून नाही, घरात नाही, बाहेर नाही, दिवसा नाही, रात्री नाही, शस्त्राने नाही. नरसिंहाने एकेक कलम वाचून पळवाट काढली. उंबरठा, तिन्हीसांज, नखं. सहा तास नियमावर वाद घालणारा खेळाडू करतो ते यापेक्षा वेगळं नसतं.

तिसऱ्या आवृत्तीचे जुने खेळाडू 'गोल्फ बॅग' म्हणतात ते काय?

२००० मध्ये तिसरी आवृत्ती आली. त्यात निम्म्याऐवजी ठरावीक आकडा वजा होऊ लागला. त्याला डॅमेज रिडक्शन म्हणत. लोखंडी गोलेमला ५०/+३, म्हणजे +३ चं हत्यार नसेल तर प्रत्येक वारातून ५० वजा. म्हणजे विषयच संपला. २००३ ला ३.५ आवृत्तीत आकडे उतरवले आणि +१, +२ ऐवजी धातू, प्रकार आणि नीती आणली. त्याच गोलेमला १५/अ‍ॅडमँटाइन. सांगाड्याला ५/ठेचणं, झाँबीला ५/कापणं. व्हॅम्पायरला चांदी आणि जादू दोन्ही. बॅलर नावाच्या दानवाला कोल्ड आयर्न आणि सत्प्रवृत्त हत्यार. पिट फिएंड नावाच्या सैतानाला सत्प्रवृत्त आणि चांदी.

कागदावर हे फार सुंदर दिसतं. प्रत्यक्षात लढवय्या पाठीवर सात हत्यारं घेऊन फिरू लागला: एक चांदीचं, एक कोल्ड आयर्नचं, एक अ‍ॅडमँटाइनचं, त्यात पुन्हा एक गदा आणि एक कुऱ्हाड. गोल्फ खेळणारा जशी काठ्यांची पिशवी घेऊन जातो तसं, म्हणून ते नाव. मला आमच्या जुन्या प्लंबरची पिशवी आठवते. प्रत्येक नळाला वेगळा पाना, आणि हवा तो नेमका घरी राहिलेला.

तरी खरं सांगतो, मला ३.५ चा तो पसारा आवडायचा. सैतान आणि दानव यांच्यातला फरक खेळाडूंच्या लक्षात राहायचा, कारण चुकीचं हत्यार नेलं की मार बसायचा. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने जवळपास सगळं झाडून टाकलं. तिथे वेअरवुल्फ दर फेरीला स्वतःची जखम भरून काढतो आणि चांदी लागली की ते भरणं थांबतं. ही कल्पना वाईट नव्हती. साध्या हत्यारवाल्यालाही काहीतरी करता येत होतं.

२०२४ च्या नियमांत काय बदललं?

मोठा बदल आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये आलेल्या नव्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये 'मंत्र नसलेल्या हत्यारांना रेझिस्टन्स' हा प्रकारच काढून टाकलाय. वेअरवुल्फला साधी तलवार लागते. दगडी गोलेमलाही लागते. गार्गॉइललाही. हिशेब सोपा व्हावा म्हणून त्यांना इतर मार्गांनी टणक केलंय.

भुतांचं उलटं झालंय. घोस्ट आणि स्पेक्टर यांना आता ठेचणं-भोसकणं-कापणं सरसकट निम्मं, तलवार मंत्रावलेली असो वा नसो. हे मला पटतं. धुक्यावर तलवार चालवली तर तलवारीवरच्या मंत्राने काय फरक पडणार?

चांदीचं काय झालं? ती राहिली, पण लहान होऊन. चांदीच्या हत्याराने रूप बदललेल्या प्राण्यावर क्रिटिकल हिट (फाशावर वीस) पडला तर डॅमेजचा एक फासा जादा. एवढंच. शंभर वर्षांची दहशत एका फाशावर आली.

बदल का केला असावा हे समजण्यासारखं आहे. २०१४ च्या खेळात पाचव्या-सहाव्या लेव्हलला बहुतेकांकडे मंत्रावलेलं हत्यार यायचं, मग बड्या दानवांच्या स्टॅट ब्लॉकमधली ती ओळ नुसती शोभेला उरायची. आणि ज्या डीएमने हत्यार द्यायला उशीर केला, त्याच्या टेबलावर लढवय्या हात चोळत बसायचा आणि जादूगार मजा करायचा. शिक्षा एकाच प्रकारच्या खेळाडूला. तक्रार रास्त होती. तरी वेअरवुल्फबाबत त्यांनी घाई केली असं मला वाटतं. एका राक्षसासाठी जुनं ठेवायला हरकत नव्हती, आणि माझ्याकडे ते ठेवलेलं आहे.

खेळात जो 'रक्षासा' आहे तो आपलाच राक्षस का? त्याला नेमकं काय लागतं?

नाव आपलंच. रूप बघाल तर वाघाच्या डोक्याचा, रेशमी झग्यातला, तळहात उलटे असलेला कुणी सरदार. आपल्या कुठल्याही आजीने त्याला ओळखलं नसतं. पण शस्त्र-रेझिस्टन्सच्या दृष्टीने खेळातल्या सगळ्या राक्षसांत त्याचा इतिहास मजेदार आहे, म्हणून थोडं लांबवतो.

१९७७ मध्ये त्याला साधं हत्यार लागायचं नाही, +३ पेक्षा कमी जादूचं हत्यार निम्मं लागायचं, आणि धर्मगुरूने आशीर्वाद दिलेला क्रॉसबोचा एकच बाण लागला की खेळ खलास. ३.५ मध्ये ते १५/सत्प्रवृत्त आणि भोसकणारं असं झालं. बाण गेला, त्याचं टोक तेवढं राहिलं. २०१४ मध्ये साध्या हत्यारांना इम्युनिटी, सहाव्या पातळीपर्यंतचे स्पेल बेकार, आणि सत्प्रवृत्त माणसाच्या हातातल्या मंत्रावलेल्या भोसकणाऱ्या हत्याराने दुप्पट डॅमेज. २०२५ मध्ये साध्या हत्यारांची इम्युनिटी गेली, पण व्हल्नरेबिलिटी अशी झाली: ज्याच्यावर 'ब्लेस' स्पेल चालू आहे त्याच्या हातातल्या हत्याराने भोसकलं तर दुप्पट. म्हणजे जवळपास पन्नास वर्षं फिरून गोष्ट पुन्हा आशीर्वादावर आली. ब्लेस हा पहिल्या पातळीचा स्पेल आहे, कुठल्याही क्लेरिकला, म्हणजे धर्मगुरूला, जमतो. फक्त ते क्लेरिकला माहीत हवं.

हत्याराने उलट नुकसान होतं असे राक्षस कोणते?

ब्लॅक पुडिंग आणि ओकर जेली. दोन्ही म्हणजे सरपटणारा चिकट गोळा. कापलं तर इम्युनिटी तर आहेच, वर त्याचे दोन होतात, हिट पॉइंट वाटून घेऊन. रक्तबीजाची गोष्ट ऐकलेल्या माणसाने तरी तलवार काढू नये. तरी काढतात. पुडिंगला लागलेलं साधं लाकडी किंवा धातूचं हत्यार झिजतं, दर वेळी डॅमेज कायमचं एकाने कमी, वजा पाच झालं की हत्यार गेलं. रस्ट मॉन्स्टर फक्त धातू खातो, त्याच्यापुढे लाठी बरी.

खेळाडूंना हे सगळं कळणार कसं? डीएमने सांगायचं की नाही?

खरं तर हाच प्रश्न सगळ्यात आधी यायला हवा होता, पण विचारतात सगळ्यात शेवटी.

रेझिस्टन्स ही एक बातमी आहे. ती खेळाडूंपर्यंत पोचली तर ते बेत बदलतात, आणि खेळ रंगतो. पोचली नाही तर लढाई नुसती लांबते. दुप्पट वेळ तेच फासे टाकायचे, आणि टाकणाऱ्याला का ते माहीत नाही. मी सुरुवातीला हे गुपित ठेवायचो. एकदा अडीच तास एकच लढाई चालली, दोघं मोबाईल बघू लागले, आणि घरी जाताना एकजण म्हणाला, "त्याला एवढे हिट पॉइंट कशाला दिलेस?" हिट पॉइंट नेहमीचेच होते. माझी चूक होती.

आता मी तीन वेळा सांगतो. पहिल्यांदा लढाईच्या आधी, गावात. पाटलाच्या वाड्यावर भिंतीला चांदीचा खंजीर टांगलाय आणि तो दर पौर्णिमेला कुणीतरी पुसतं. जुन्या थडग्यावर मोडकी तलवार पडली आहे आणि शेजारी न मोडलेली गदा. दुसऱ्यांदा पहिल्या वाराला, वर्णनातून. "निम्मं डॅमेज" म्हणण्याऐवजी "पातं आत गेलं, पण जखमेच्या कडा तुझ्या डोळ्यांदेखत मिटल्या," किंवा "बाण बरगड्यांमधून आरपार गेला, अडकायला तिथे काही नव्हतंच." तिसऱ्यांदा, तरीही कुणाला समजलं नाही तर, सरळ नियमाच्या भाषेत. "अर्धंच लागतंय." त्यात कमीपणा नाही. कॅरेक्टर आयुष्यभर तलवार चालवतंय, त्याला हाताला कळेल.

ज्ञानाची तपासणी मागणाऱ्या खेळाडूला ती देतो, पण कळीची माहिती फाशावर टांगत नाही. फासा पडला तर जास्तीचं काहीतरी सांगतो: चांदी कुठे मिळेल, कोणी याआधी मारला होता.

पाथफाइंडर या अशाच दुसऱ्या खेळात हे कसं असतं?

२०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत निम्मं-दुप्पट नाही, ठरावीक आकडे आहेत. वेअरवुल्फला चांदीची वीकनेस ५, म्हणजे चांदी लागली की ५ जादा. झाँबीला कापण्याची वीकनेस. तिथे क्रम उलटा आहे: आधी इम्युनिटी, मग वीकनेस, मग रेझिस्टन्स. दोन्ही खेळ खेळणाऱ्यांनी हे कुठेतरी लिहून ठेवा. ठरावीक आकड्यांचा एक तोटा: पाच छोटे वार करणाऱ्याला रेझिस्टन्स पाचदा लागतो, एक मोठा वार करणाऱ्याला एकदाच. वीकनेसला अर्थात याच्या उलट.

आपल्या मुंजाला, हडळीला रेझिस्टन्स द्यायचा झाला तर?

'मंत्र नसलेल्या हत्यारांना इम्युनिटी' असं लिहून मोकळे होऊ नका. मुंजा कोण? मुंज झालेला, सोडमुंज न झालेला, लग्नाआधी गेलेला मुलगा. पिंपळावर बसतो. मी त्याला असं लिहिलंय: पिंपळाच्या सावलीत असेपर्यंत कुठलंही हत्यार लागत नाही. सावलीबाहेर ओढला तर सगळी हत्यारं निम्मी लागतात. आणि कुणी त्याची सोडमुंज लावली तर लढाईच संपते. ती लावायला तीन फेऱ्या लागतात, आणि त्या तीन फेऱ्या तो गप्प बसत नाही.

दोनदा वापरला. पहिल्या पार्टीने भर दुपारी पिंपळ तोडायला घेतला, जे मी कल्पनेतही धरलं नव्हतं, आणि सगळा गाव त्यांच्या अंगावर धावून आला. दुसऱ्या पार्टीतल्या क्लेरिकने विचारलं, "मामा कोण होणार?" आणि आमचा रानटी बार्बेरियन मुकाट्याने पुढे झाला.

हडळीला लोखंड द्या. बाळंतिणीच्या उशाखालचा विळा हे तिच्याविरुद्ध सर्वात जबर हत्यार असू दे, तलवारीपेक्षाही. लढवय्याला विळा उचलताना जरा ओशाळं वाटेल, ते वाटू द्यावं.

नियम कायदेशीर आणि फुकट कुठे मिळतात?

पाचव्या आवृत्तीचा मूळ नियमसंग्रह, एसआरडी ५.१, जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स या मुक्त परवान्याखाली खुला झाला. २०२४ च्या नियमांवर आधारलेला ५.२ हा २०२५ मध्ये आला. दोन्हींत भरपूर राक्षस आहेत. वर सांगितलेले वेअरवुल्फ, सांगाडा आणि गोलेम तिथे मिळतील.

दोन फेऱ्या झाल्यावर आठवलं की राक्षसाला रेझिस्टन्स होता. आता?

झालेले हिट पॉइंट परत करू नका, टेबल बिथरतं. यापुढच्या फेरीपासून लावा आणि कथेत कारण द्या: त्याने आत्ताच कातडं ताठ केलं, वरून ढग सरकून पौर्णिमेचा चंद्र बाहेर आला. आणि लढाई नाहीतरी संपतच आली असेल तर आठवलं हे कुणाला सांगूच नका.